विद्यापीठाची पहिली पायरी

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



अमेरिकेतील न्यू हेवन या नगरात असलेल्या येल विद्यापीठाने डिसेंबर २००७ मध्ये आपले सात अभ्यासक्रम इंटरनेटच्या माध्यमातून सर्व जगाला विनामूल्य दिले. ‘ओपन येल कोर्सेस’ असे या उपक्रमाचे नाव. खगोलभौतिकी, पदार्थविज्ञान, मानसशास्त्र, राजकीय तत्त्वज्ञान, आधुनिक काव्य, बायबलचा जुना करार आणि ‘मृत्यू’ या एकाच प्रश्नाला वाहिलेला तत्त्वज्ञानाचा अभ्यासक्रम, असे ते सात विषय होते. प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांपुढे जसे शिकवितात तसेच, पहिल्या तासापासून अखेरच्या तासापर्यंत, त्यांचे चित्रीकरण करण्यात आले. ही व्याख्याने पाहता येतात, नुसती ऐकता येतात आणि शब्दशः उतरवून घेतलेल्या स्वरूपात वाचताही येतात. त्यासाठी नावनोंदणी नाही, प्रवेशपरीक्षा नाही, शुल्क नाही. पुढील काही वर्षांत या मालिकेतून एकूण ४२ अभ्यासक्रम प्रसिद्ध झाले. रोमन वास्तुकला, संगीताचे श्रवण, सेंद्रिय रसायनशास्त्र, अमेरिकेतील यादवी युद्ध, वित्तीय बाजारपेठ, दान्ते, मिल्टन अशी त्यांची व्याप्ती आहे.

यातून काय मिळत नाही, तेही आरंभीच सांगितलेले बरे. पदवी मिळत नाही, प्रमाणपत्र मिळत नाही, प्राध्यापकांना शंका विचारण्याची सोय नाही. विद्यापीठाने व्याख्यान दिले, वर्ग दिला नाही. या दोहोंतील अंतर किती मोठे आहे आणि ते कोणी भरून काढावयाचे, हा आजच्या विवेचनाचा खरा विषय आहे.

ज्या विद्यापीठात प्रवेश मिळविण्यासाठी जगभरातील बुद्धिमान मुले धडपडतात आणि जेथील शिक्षणाचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्यापलीकडचा असतो, त्या विद्यापीठाला ही उदारता एकाएकी सुचली असे समजण्याचे कारण नाही. इंटरनेट नवे होते तेव्हा अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांना त्यात व्यापाराची संधी दिसली होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने ‘फॅदम’ नावाची कंपनी काढली. तीवर कोट्यवधी डॉलर खर्च झाले आणि २००३ मध्ये ती बंद करावी लागली. येल, ऑक्सफर्ड आणि स्टॅनफर्ड यांनी एकत्र येऊन ‘ऑललर्न’ ही सशुल्क योजना चालविली. तीही २००६ मध्ये आटोपती घेण्यात आली. ज्ञान विकावयास निघालेल्यांना पुरेसे गिऱ्हाईक मिळाले नाही. व्यापारउदिमात मुरलेल्या या सभेला हा अनुभव निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

याच काळात बोस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने, म्हणजेच एमआयटीने, उलट दिशेने पाऊल टाकले. इंटरनेटचा शिक्षणासाठी काय उपयोग करावा याचा विचार करण्यासाठी त्या संस्थेने प्राध्यापकांची एक समिती नेमली होती. समितीने सुचविले की, विकण्याचा विचार सोडून सर्व अभ्यासक्रमांची सामग्री देऊनच टाकावी. तत्कालीन अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी एप्रिल २००१ मध्ये तशी घोषणा केली. २००२ मध्ये प्रयोगादाखल ५० अभ्यासक्रम खुले झाले, २००३ मध्ये ती संख्या ५०० झाली आणि २००७ पर्यंत जवळजवळ सर्व, म्हणजे सुमारे १८००, अभ्यासक्रमांची सामग्री जगापुढे आली. याच भांडारातील गिल्बर्ट स्ट्रँग यांची रैखिक बीजगणितावरील व्याख्याने जगभरातील विद्यार्थ्यांनी पाहिली. ६१ वर्षे अध्यापन करून २०२३ च्या मे महिन्यात स्ट्रँग यांनी आपले अखेरचे व्याख्यान दिले. पण त्यांचा वर्ग अद्याप कोणत्याही घरी, कोणत्याही वेळी भरू शकतो.

हे सर्व विनामूल्य असले तरी बिनखर्चाचे मात्र नव्हते. चित्रीकरण, लेखन, संपादन, हक्कांची पूर्तता यांस द्रव्य लागते. एमआयटी आणि येल या दोन्ही उपक्रमांमागे ह्यूलेट फाउंडेशन या न्यासाचे साहाय्य होते. घेणाऱ्याने मोजले नाही, कारण देणाऱ्याने आधीच मोजलेले होते. ज्ञानदान हा शब्द ज्यांच्या घरात परंपरेने चालत आला आहे, त्यांना यात नवल वाटू नये.

येल या नावाची कथाही येथे जाता जाता सांगण्यासारखी आहे. ईलायहू येल हा ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रास येथील गव्हर्नर होता. १६८७ ते १६९२ हा त्याचा कार्यकाळ. तेथे त्याने अमाप संपत्ती मिळविली आणि १७१८ मध्ये त्यातील नऊ गासड्या माल, ४१७ पुस्तके आणि राजाचे एक चित्र न्यू हेवनच्या एका लहानशा महाविद्यालयाला पाठविले. त्या माल-विक्रीच्या पैशातून इमारत उभी राहिली आणि कृतज्ञतेपोटी संस्थेला त्याचे नाव दिले गेले. ती संपत्ती स्वच्छ हातांनी मिळविलेली नव्हती. गैरव्यवहाराच्या आरोपांवरूनच त्याला पदावरून दूर करण्यात आले होते आणि त्याच्या काळातील मद्रासच्या कारभारात माणसांची खरेदी-विक्रीही चालत असे. सुमारे तीनशे वर्षांनी त्याच विद्यापीठातून पदार्थविज्ञानाचा जो अभ्यासक्रम जगभर गेला, त्याचे प्राध्यापक रामामूर्ती शंकर हे मद्रासच्याच आयआयटीचे पदवीधर आहेत. मद्रासहून गेलेल्याची अशी परतफेड व्हावी, हा योगायोग खराच, पण मनाला बरा वाटणारा आहे.

आता येलने निवडलेल्या अभ्यासक्रमांचे वैशिष्ट्य पाहावयाचे. हे अभ्यासक्रम परिचयात्मक आहेत. विषयाच्या दाराशी प्रथमच आलेल्या विद्यार्थ्याला हात धरून आत नेण्यासाठी ते योजलेले आहेत. आपल्याकडे पहिल्या वर्षाचा वर्ग पुष्कळदा नव्याने रुजू झालेल्या अध्यापकाकडे दिला जातो आणि ज्येष्ठ मंडळी वरच्या वर्गांपुरती राखून ठेवली जातात. वस्तुतः पहिली पायरी बांधणे हेच सर्वांत अवघड काम आहे. ज्याला विषय अखेरपर्यंत दिसला आहे, त्यालाच त्याचा आरंभ कोठून करावा हे कळते. येलच्या या मालिकेत आपापल्या विषयात आयुष्य घातलेली माणसे ‘अ आ इ’ शिकवीत आहेत, आणि तिचे खरे मोल त्यातच आहे.

उदाहरणार्थ, सेंद्रिय रसायनशास्त्राचे प्राध्यापक मायकेल मॅकब्राइड पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांसमोर प्रश्न ठेवतात : तुम्हाला हे कसे कळले? अणू आहेत, त्यांच्यात बंध आहेत, हे सर्वांनी शाळेत पाठ केलेले असते. पण ते कोणी पाहिले, कशावरून ठरविले, प्रमाण काय? सूत्रे आणि अभिक्रिया नंतर येतात, आधी प्रमाणाची विचारणा. बारावीच्या परीक्षेसाठी शेकडो अभिक्रिया घोकलेल्या विद्यार्थ्याने हा एक तास ऐकला, तर आपण आजवर काय गाळून पुढे आलो हे त्याला उमगेल.

बेन पोलक यांच्या ‘गेम थिअरी’च्या, म्हणजे परस्परांच्या डावपेचांच्या गणिती शास्त्राच्या, वर्गातील एक खेळ तर येथे सविस्तर सांगण्याजोगा आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने १ ते १०० मधील एक संख्या गुपचूप कागदावर लिहावयाची. सर्व संख्यांची सरासरी काढावयाची आणि तिच्या दोन-तृतीयांशाच्या सर्वांत जवळ ज्याची संख्या असेल तो जिंकला. आता विचार करावा. सर्वांनी १०० लिहिले तरी दोन-तृतीयांश ६७ च्या वर जात नाही, म्हणून ६७ हून मोठी संख्या लिहिण्यात अर्थ नाही. पण हे प्रत्येकाला कळले, तर ६७ चे दोन-तृतीयांश सुमारे ४५ होतात, म्हणून ४५ च्या वरही कोणी जाऊ नये. तेही सर्वांना कळले तर ३०, मग २०, आणि असे उतरत उतरत माणूस १ वर येऊन ठेपतो. तर्काने १ हेच उत्तर. परंतु प्रत्यक्षात ज्याने १ लिहिले तो जिंकत नाही, कारण बाकीच्यांनी इतक्या पायऱ्या उतरलेल्याच नसतात. जिंकतो तो, जो इतर किती पायऱ्या उतरतील याचा अचूक अंदाज बांधतो. मालाचा भाव काय असावा यापेक्षा इतरांना तो काय वाटेल याचा हिशेब पेढीवर बसणारा माणूस रोज करीत असतो. त्याच्या मनातील हा हिशेब शास्त्राच्या रूपाने मांडलेला पाहणे यात एक वेगळाच आनंद आहे.

रॉबर्ट शिलर यांचा वित्तीय बाजारपेठेवरील अभ्यासक्रम २००८ च्या पूर्वार्धात चित्रित झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही पेढी बुडाली आणि जगभर मंदीची लाट आली. शिलर यांचा वर्ग २०११ मध्ये पुन्हा चित्रित करण्यात आला. एकच शिक्षक, एकच विषय, मध्ये एक महापूर. दोन्ही वर्ग आज उपलब्ध आहेत आणि ते शेजारी शेजारी ठेवून ऐकणे हा स्वतंत्र अभ्यास ठरू शकतो. २०१३ मध्ये शिलर यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

‘मृत्यू’ या विषयावरील शेली केगन यांचा अभ्यासक्रम मात्र या सभागृहातील अनेकांना अस्वस्थ करील. केगन टेबलावर मांडी घालून बसतात आणि शांतपणे, विनोदाची पखरण करीत, आत्म्याचे अस्तित्व सिद्ध होत नाही असे प्रतिपादन करतात. प्लेटोचा ‘फीडो’ हा संवाद ते वर्गाबरोबर वाचतात आणि आत्म्याच्या अमरत्वाचे त्यातील एकेक प्रमाण तपासतात. जीवतत्त्वाच्या विचारापासूनच ज्यांच्या तत्त्वज्ञानाचा आरंभ होतो त्यांनी हे ऐकावे काय? अवश्य ऐकावे. केगन पहिल्याच दिवशी सांगून टाकतात की आपण स्वतःचे मत मांडणार आहोत, ते पटवून घेतलेच पाहिजे असे नाही, प्रत्येकाने स्वतः विचार करावा. पूर्वपक्ष नीट मांडून घेतल्याखेरीज उत्तरपक्षाला धार येत नाही, हे आपल्याकडील शास्त्रार्थाच्या परंपरेला चांगले ठाऊक होते. घरातील मुले उद्या महाविद्यालयात हे प्रश्न ऐकणारच आहेत. ती वडीलधाऱ्यांबरोबर बसून ऐकतील तर अधिक बरे.

एवढे भांडार खुले असताना त्याचा लाभ कोणी घेतला, याचा हिशेब मात्र तितकासा सुखद नाही. २०१२ मध्ये एमआयटीने विद्युत-मंडलांचा एक पायाभूत अभ्यासक्रम नोंदणी, गृहपाठ व परीक्षा यांसह इंटरनेटवर चालविला. १,५४,७६३ जणांनी नावे घातली, ७,१५७ जण उत्तीर्ण झाले. त्यांत मंगोलियातील एक पंधरा वर्षांचा मुलगा पूर्ण गुण मिळवून गेला आणि जबलपूरच्या एका विद्यार्थ्याने पुढील अभ्यासक्रम उपलब्ध नाही म्हणून सोबत्यांना घेऊन तो स्वतःच उभा केला. या दोघांनाही पुढे एमआयटीत प्रवेश मिळाला. या कथा खऱ्या आहेत, पण त्या शेकड्याने मोजण्याच्या नव्हेत. एमआयटी व हार्वर्ड यांच्या अशा अभ्यासक्रमांच्या सहा वर्षांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१७-१८ या वर्षी नावे घातलेल्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे शेकडा तीनच्या आसपास होते. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते त्यांच्यात मात्र हे प्रमाण शेकडा ४६ होते.

या आकड्यांवरून फुकटाची किंमत नसते असा निष्कर्ष काढण्याची घाई होऊ नये. नुसते डोकावून जाण्यासाठी नाव घालणारे पुष्कळ असतात, आणि वाचनालयात पुस्तक चाळून ठेवणाऱ्याला कोणी नापास म्हणत नाही. पैसे भरणाराही मुळातच अधिक निश्चयी असतो. तरीही एक गोष्ट उरतेच : कसलेही बंधन नसेल तर माणूस अर्ध्यावर सोडतो. दुसरी नोंद अधिक बोचणारी आहे. पेनसिल्व्हानिया विद्यापीठाने आपल्या अशाच विनामूल्य अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांची पाहणी केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार भारत, चीन, ब्राझील, रशिया आणि दक्षिण आफ्रिका या देशांतील जवळजवळ ८० टक्के विद्यार्थी समाजाच्या सर्वांत संपन्न व सुशिक्षित सहा टक्के लोकांतून आलेले होते. दार सर्वांना उघडे होते, आत गेले ते बहुतांशी आधीच आत असलेले.

याची कारणे शोधावयास दूर जावे लागत नाही. पहिले कारण भाषा. मराठी माध्यमातून शिकलेल्या, गणितात हुशार असलेल्या मुलाला न्यूटनचे नियम अडवीत नाहीत, अमेरिकन उच्चार अडवितात. २०१० च्या सुमारास चीनमध्ये याच येलच्या व्याख्यानांना तेथील हौशी तरुणांच्या गटांनी रात्री जागवून चिनी उपशीर्षके दिली. मोबदला कोणी मागितला नाही. त्यानंतर नेटईज या तेथील मोठ्या कंपनीने अशा व्याख्यानांचे स्वतंत्र दालनच उघडले. येलच्या परवान्यानुसार व्यापारी हेतू नसेल, मूळ श्रेय दिले जाईल आणि भाषांतरही त्याच अटींवर इतरांना खुले राहील, तर असे करण्यास मुभा आहे. व्याख्यानात दाखविलेली इतरांच्या मालकीची चित्रे वगैरे तेवढी वगळावी लागतात. मराठीत हे काम व्हावयास हवे. यंत्राने केलेली भाषांतरे आता मिळू लागली आहेत, परंतु पारिभाषिक शब्दापाशी ती हमखास अडखळतात. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने सिद्ध केलेले परिभाषा कोश अशा वेळी जवळ असावेत. ते बहुधा कपाटातच राहतात.

आपल्या देशातही काही कमी झालेले नाही. आयआयटी आणि बंगळूरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स यांनी मिळून २००३ पासून ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम चालविला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना त्याचे नाव परिचित आहे. भारत सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. तेथे शिकणे विनामूल्य आहे, प्रमाणपत्र हवे असल्यास केंद्रावर जाऊन सशुल्क परीक्षा द्यावी लागते आणि विद्यापीठाने मान्यता दिल्यास तिचे श्रेयांक पदवीत धरले जातात. पवईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या नावाने संगणकविषयक छोटे पाठ तयार केले असून ते मराठीतूनही ऐकता येतात. याउलट २०१२ मध्ये मोठा गाजावाजा करून निघालेल्या ‘कोर्सेरा’ आणि ‘एडएक्स’ यांनी पुढे अनेक सोयींना शुल्क लावले. एमआयटी व हार्वर्ड यांनी उभारलेली एडएक्स २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरना विकली गेली आणि ती घेणाऱ्या कंपनीला २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. म्हणून ‘विनामूल्य’ ही पाटी पाहताना त्यामागे दान आहे की नमुन्याची पुडी, हे पारखून घ्यावे.

दुसरे आणि मोठे कारण म्हणजे एकटेपण. वर्ग म्हणजे केवळ व्याख्यान नव्हे. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, शेजारी बसलेला सोबती, आज का आला नाहीस असे विचारणारा कोणीतरी, हे सारे मिळून वर्ग होतो. हे येलला पाठविता येत नाही, ते ज्याचे त्याने आपल्या गावात उभे करावे लागते. आणि या बाबतीत हा समाज अनभिज्ञ नाही. स्वाध्यायाची बैठक कशी चालते हे येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे : ग्रंथ एक, वाचणारा एक, ऐकणारे दहा-पंधरा, आणि न समजल्यास थांबून विचारण्याची मोकळीक. ग्रंथाच्या जागी पडदा ठेवला तरी बैठकीची रीत बदलत नाही. व्याख्यान मध्येच थांबवावे, पाच मिनिटे मराठीतून चर्चा करावी, पुन्हा पुढे चालवावे. महाविद्यालयात शिकणाऱ्या एखाद्या मुलीने आधी लिखित मजकूर वाचून यावा आणि अवघड शब्दांची यादी फळ्यावर लिहावी. ज्यांचे शिक्षण लग्नामुळे किंवा दुकानामुळे थांबले, त्यांनाही अशा बैठकीत कोणी वय विचारणार नाही, गुणपत्रिका मागणार नाही.

शंकर यांचा पदार्थविज्ञानाचा अभ्यासक्रम २४ व्याख्यानांचा आहे, पोलक यांचाही तितकाच. प्रत्येक व्याख्यान साधारण सव्वा तासाचे. आठवड्याला दोन बैठका धरल्या तर बारा आठवडे होतात. चातुर्मास चार महिन्यांचा, म्हणजे पर्युषणाचे दिवस सोडूनही उजळणीला काही आठवडे हाती राहतात. पदार्थविज्ञानासाठी कलनाची ओळख हवी, म्हणून तो अभ्यासक्रम अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुलांपुरता ठेवावा. सर्वांसाठी गेम थिअरीने आरंभ करणे सोयीचे. पुढे त्यातही थोडे गणित लागते, परंतु आरंभ कोणालाही कळेल. पहिल्या बैठकीला सामग्री फारशी लागत नाही. एक पडदा, एक फळा, आणि शंभराच्या आतील एक संख्या लिहिण्यासाठी प्रत्येकाच्या हाती कागदाचा एक चिटोरा.